४० पैकी २१ : भाच्याची रायफल टेस्ट आणि कळंब्यातल्या परड्यातली तयारी

चाळीस गोळ्या, चाळीस टार्गेट, पास व्हायला २३ लागतात आणि माझ्या भाच्याची लागली २१. घरात सगळे म्हणाले दोनच कमी पडली की, थोडक्यात हुकलं, पुढच्या वेळी होतंय. मला काय ते पटलं नाही, कारण हाच पोरगा आधीच्या पद्धतीच्या टेस्टला ३१ मारून आलेला, रायफल तसलीच, डोळ्याला चष्मा नाही, हात थरथरत नाही. ३१ वाला माणूस २१ वर येतो तेव्हा दोन गोळ्यांचं काय घेऊन बसायचं, मधल्या दहा कुठं गेल्या ते बघायला पाहिजे.

आधी माणूस सांगतो. माझा भाचा, बहीण-दाजी तिकडं अमेरिकेत बरीच वर्षं आहेत, हा तिकडच्या आर्मी रिझर्व्हमध्ये आहे. म्हणजे इतर दिवस साधी नोकरी, महिन्यातनं एक वीकएंड युनिटला हजेरी आणि वर्षातनं दोनेक आठवडे सलग ट्रेनिंग. आपल्याकडं टेंबलाईवाडीला टेरिटोरियल आर्मीची मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ बटालियन आहे ना, त्या जातीतला प्रकार समजा, नियम वेगळे. मधे त्यानं काही वर्षं रिझर्व्ह सोडलेलं, लग्न, नोकरी, घर वगैरे, आणि परत जॉईन झाला तोवर रायफलची टेस्ट बदललेली. डिसेंबरात घरातलं एक लग्न होतं म्हणून कोल्हापूरला आला आणि लग्नाच्या गडबडीत पण तोंड पाडून बसलेला. मी फौजेत वेपन ट्रेनिंग शिकवत होतो, एसएलआर रायफल पण शिकवली आणि नंतर इन्सास रायफल पण, त्यामुळं बहीण म्हणाली, "दादा, जरा बघ की ह्याच्याकडं, जेवत पण नाही नीट." तांबडा-पांढरा समोर असताना कोल्हापुरात माणूस जेवत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे एवढं मला कळलं.

आता टेस्ट. जुनी टेस्ट पण ४० गोळ्यांचीच होती, उठती-पडती टार्गेट, ५० मीटरपासनं ३०० मीटरपर्यंत. पण त्यातल्या २० गोळ्या लाईंग पोझिशनला, म्हणजे पालथं पडून, वाळूच्या पिशवीचा टेकू घेऊन, १० लाईंगलाच बिनटेकू आणि १० नीलिंगला, म्हणजे गुडघा टेकून. प्रत्येक टप्पा झाला की टॉवरवरनं माईकवर ऑर्डर यायची, मग मॅगझीन बदला, पोझिशन बदला, तयार व्हा, मग पुढचं. नवीन टेस्ट २०१९ च्या ट्रेनिंग सर्क्युलरनं आली, तिचा नंबर टीसी ३-२०.४०, आणि तिच्यात चार टप्पे आहेत, प्रत्येकी १० गोळ्यांचं एक मॅगझीन. सुरुवात उभं राहून, तिथनं खाली पडून लाईंग बिनटेकू, मग लाईंग टेकू, मग बॅरिकेडच्या, म्हणजे समोर उभ्या केलेल्या आडोशाच्या, आधारानं नीलिंग, शेवटी बॅरिकेडच्याच आधारानं स्टँडिंग. मार्क तेच राहिले, २३ ते २९ मार्क्समन, ३० ते ३५ शार्पशूटर, ३६ आणि वर एक्स्पर्ट, २२ आणि खाली नापास. बदललं ते मधलं. एकदा सुरू झालं की टॉवर गप्प. गोळ्या संपल्या की मॅगझीन तुझं तू बदल, पोझिशन तुझी तू घे, हातात मोजके सेकंद, टार्गेट त्यांच्या वेळेला उठणार आणि पडणार, तू तयार आहेस का नाही ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आणि रायफल अडकली तर जुन्यासारखं हात वर करून नंतर भरपाईच्या गोळ्या मागायची सोय नाही, तुझ्या हातानं निघण्यासारखा अडथळा असेल तर तो काढणं पण टेस्टचाच भाग.

आमच्या वेळी कसं होतं, फायरिंग पॉइंटवर उस्ताद उभा, "भर" म्हटलं की भरायचं, "खाली कर" म्हटलं की खाली करायचं, त्याच्या शब्दाशिवाय बोट ट्रिगरच्या आत गेलं तर पाठीत बुक्की. नवीन रंगरूटासाठी ते बरोबरच आहे, मी आजही तसंच शिकवीन. पण त्या सवयीत वाढलेला माणूस, मग तो बेळगावचा असो नाहीतर टेक्सासचा, लढाईत ऑर्डरची वाट बघत पडून राहतो, आणि तिकडच्यांनी नेमकं तेच बघायला टेस्ट बदलली असं माझं मत.

त्याला मी म्हटलं स्कोअरकार्ड दाखव. मोबाईलमध्ये फोटो होता. टप्प्याप्रमाणं ६, ८, ४, ३. म्हटलं बरं, आता सांग मॅगझीनमध्ये गोळ्या किती उरलेल्या. तो बघतच राहिला. म्हणाला मामा, हे कुणी विचारलंच नाही मला. मग आठवून आठवून हिशेब लावला, पहिल्या मॅगझीनमध्ये एक उरलेली, दुसऱ्यात नाही, नीलिंगच्या मॅगझीनमध्ये तीन आणि स्टँडिंगच्या मॅगझीनमध्ये चार. म्हणजे आठ गोळ्या उडाल्याच नाहीत! १९ गेलेल्या गोळ्यांपैकी ११ नेम चुकून गेल्या आणि ८ उशिरामुळं गेल्या. युनिटमध्ये त्याला सल्ला काय मिळालेला तर "ट्रिगर हळू दाब, श्वास सांभाळ." अहो ज्याच्या आठ गोळ्या वेळेअभावी रायफलीतच राहिल्या त्याला हळू दाब म्हणून सांगायचं म्हणजे अवघडच की.

आणि जुन्या ३१ चं गुपित पण तिथंच कळलं. त्यात निम्मी टेस्ट वाळूच्या पिशवीवर होती, ह्याची ती पोझिशन पहिल्यापासनं मजबूत, बहुतेक मार्क तिथनंच आलेले. नीलिंग तेव्हाही कच्चंच होतं, पण ते १० गोळ्यांत झाकलं जायचं. नवीन टेस्टमध्ये टेकूचं लाईंग राहिलं फक्त १० गोळ्यांना, निम्म्या गोळ्या बॅरिकेडवर गेल्या, तिथं झाकायला काही नाही.

मग परड्यात एक पोतं टाकलं आणि त्याला म्हटलं तिथं जे केलंस ते इथं करून दाखव, हातात काठी धर. उभा राहिला, पडला, दहा वेळा तोंडानं ठो ठो केलं आणि थांबला. थांबला म्हणजे अक्षरशः थांबला, डोकं वर करून. म्हटलं काय झालं? म्हणाला काय नाही, आता बदलायचं ना. तेवढ्यात दोन टार्गेट येऊन गेली असती बाबा. त्याला स्वतःला पत्ताच नव्हता की तो थांबतोय. मग डाव्या कमरेला हात घातला मॅगझीनसाठी, पण पाउच पोटाखाली दबलेलं, त्यावरच झोपलेला, आधी कुल्ला उचलला, मग हात घुसेना, मग अख्खा कुशीवर झाला, रायफलचं तोंड भलतीकडं. रेंजवर एवढं तोंड फिरलं असतं तर सेफ्टीवाल्यानं तिथंच उठवला असता. नीलिंगला गुडघ्याच्या वाटीवर कोपराचं टोक ठेवलेलं, हाडावर हाड, ते घसरत राहणारच. आणि स्टँडिंगला रायफलची नळीच बॅरिकेडवर टेकवायची तयारी.

एवढं बघितल्यावर मी ठरवलं की नेम ह्या विषयावर पहिले काही दिवस बोलायचंच नाही. घरातल्या लोकांना हे काय पटेना, निशाणेबाजी शिकवतोय म्हणतोय आणि पोराला नुसतं उठ-बस करायला लावतोय. दाजींचा अमेरिकेतनं फोन, "अहो, क्लबात घाला की त्याला, कोल्हापूर म्हणजे नेमबाजांचं गाव." खरंय, तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड मारलं, राही सरनोबत आहे, आणि २०२४ ला पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ काढलं तेव्हा कोल्हापुरात काय दंगा झालेला ते सगळ्यांना माहीत आहे. भाचा पण तेच धरून बसलेला, मामा त्याचं पण नीलिंग, प्रोन, स्टँडिंगच आहे की. आहे ना, पण तो खेळ कागदावरच्या मिलिमीटरचा, जाडजूड जाकीट, पट्टा, एका गोळीला मनासारखा वेळ, नाही जमलं तर रायफल खाली घेऊन परत सुरू. ह्याला मोजक्या सेकंदात माणसाच्या आकाराच्या पुठ्ठ्यात कुठंही मारायचं आहे. एका ओळखीच्या क्लबात त्याला एअर रायफलवर नेऊन बघितलं, मस्त ग्रुप काढला पोरानं, म्हणजे सगळे छर्रे जवळजवळ, खूश झाला, आणि दुसऱ्या दिवशी परड्यात आणखी हळू झाला! ते तिथंच बंद केलं. ट्रिगर दाबून झाल्यावर रायफलचा दांडा खांद्यातनं न हलवता तसाच धरून ठेवायचा, एवढी एक चांगली गोष्ट तिथनं आणली, बाकी क्लबची फी लग्नाच्या खर्चात धरली.

रायफल तर काय मिळणार नाही इथं, आणि मिळायलाही नको. ओळखीच्या सुताराकडनं लाकडाची करून घेतली, त्याची तिकडची रायफल, मोकळी एम-फोर, साधारण तीन किलोची असते म्हणून आत लोखंडी सळी घालून वजन तेवढ्यावर आणलं, मॅगझीनच्या जागी खाच आणि त्यात बसणारे चार ठोकळे. आणि सगळ्याला पिवळाधमक रंग, कारण शेजारच्या काकूंनी पहिल्या दिवशी काठी बघूनच विचारलेलं की भावजी काय चाललंय. बॅरिकेड म्हणून लग्नाच्या मांडववाल्याकडं पडलेलं प्लायवूड उभं केलं.

पहिलं काम मॅगझीन बदलणं. डोळे बांधून. पाउच थोडं पुढं आणि बाजूला सरकवलं, सगळे ठोकळे एकाच दिशेला तोंड करून, म्हणजे हातात आलं की कुठली बाजू पुढं हे बघायला लागू नये. लाईंगला असताना उजव्या कुशीकडं जरासं कलायचं, जेवढा डावा हात पाउचपर्यंत जाईल तेवढंच, रायफलचं तोंड समोरच, दांडा खांद्याला तसाच. रिकामं मॅगझीन पडू दे, त्याच्याकडं बघायचं नाही, ते उचलून खिशात घालायची त्याला घाण सवय होती, कुणीतरी सरकारी सामान हरवू नको म्हणून दम दिलेला असणार. हे सकाळी अंघोळीआधी आणि रात्री जेवणाआधी, दर वेळी थोडंच पण रोज, लग्नाच्या हळदीदिवशी पण चुकवलं नाही. हळद लागलेल्या हातानं ठोकळे पिवळे झाले, तसेही ते पिवळेच होते म्हणा.

तिकडच्या नवीन पद्धतीत गोळीच्या फायरिंगला जायच्या आधी हेच असतं खरं तर. आधी तोंडी-लेखी आणि हाताळणी, मग सिम्युलेटर, मग ड्रिल, मग ग्रुपिंग आणि झिरोइंग, म्हणजे गोळी नेमाच्या जागी पडेल अशी रायफल जुळवणं, मग प्रॅक्टिस आणि सहाव्या नंबरला क्वालिफिकेशन. ड्रिलमध्ये भरणं, खाली पडणं, मॅगझीन बदलणं, अडथळा काढणं, खाली करणं हे सगळं नावानिशी दिलेलं आहे. कागदावर एक नंबर आहे. पण महिन्यातनं एक वीकएंड येणाऱ्या युनिटला त्या वीकएंडात हजेरी, मेडिकल, कॉम्प्युटरवरचे क्लास, सामानाची मोजदाद एवढं सगळं उरकायचं असतं, ड्रिलच्या वाट्याला अर्धा तास आला तरी नशीब. म्हणून हे घरी करायचं काम आहे, ह्याला रेंज लागत नाही, गोळी लागत नाही, पैसा लागत नाही, आणि म्हणूनच बहुतेक ते कुणी करत नाही.

दुसरं काम बॅरिकेड. नळी कशालाही टेकवायची नाही, टेकली की गोळी जागा बदलते. डाव्या हाताचा पंजा प्लायवूडच्या कडेला लावायचा, अंगठा आणि तळव्याच्या बेचक्यात रायफलचा पुढचा लाकडी भाग, म्हणजे त्याच्या खऱ्या रायफलीचा हँडगार्ड, आणि अंगाचं वजन थोडं पुढं. नीलिंगला कोपराचं टोक गुडघ्याच्या पुढं काढायचं, म्हणजे दंडाचा मऊ भाग गुडघ्यावर येतो आणि घसरत नाही. हे त्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाला, "मामा, हे मला बेसिकला पण सांगितलेलं." सांगितलेलं असतंच रे, सगळ्यांनाच सांगितलेलं असतं. लाईंगमधनं नीलिंगला उठताना आधी गुडघा जागेवर, मग पंजा, मग डोळा, आणि हे सगळं होत असताना मॅगझीन बदलून झालेलं पाहिजे. सुरुवातीला ह्यातच तो गळपटायचा, रंकाळ्याला रोज दोन फेऱ्या पळायचा तरी. पळायचा दम वेगळा आणि पोतं घालून चारदा उठ-पड करायचा दम वेगळा. मग पळून आल्या आल्या धापा टाकत असतानाच परड्यात न्यायला लागलो.

तिसरं काम टार्गेट, आणि ह्यात खरी मजा आली. तिकडचं माणसाच्या आकाराचं मोठं टार्गेट साधारण एक मीटर उंच आणि अर्धा मीटर रुंद. आमचं परडं मोजून-मापून दहा मीटर. मग त्रैराशिक लावलं, ३०० मीटरवरचं टार्गेट दहा मीटरवर दिसायला सव्वातीन सेंटीमीटर उंच पाहिजे, १५० मीटरचं साधारण पावणेसात, १०० मीटरचं दहा. पुठ्ठ्यातनं तसले आकार कापून पट्टीला चिकटवले, पट्टीला दोरा, आणि दोरे माझ्या दोन नातींच्या हातात. त्यांना सांगितलं कुठलं पण वर करा, कधी पण करा, तीन-चार आकडे मोजा आणि पाडा. ह्या पोरींसारखा टॉवर अमेरिकेत पण नसेल! एकदम दोन उचलायच्या, तो बदलत असताना मुद्दाम उचलायच्या, आणि राहिलं की "दादा मेला" म्हणून ओरडायच्या. पण त्यामुळंच एक गोष्ट बसली, दोन उठली की जवळचं आधी मारायचं, ते कमी वेळ उभं राहतं, लांबचं जरा थांबतं. हा आधी उलटं करायचा, लांबचं अवघड म्हणून त्याच्याच मागं लागायचा आणि दोन्ही घालवायचा. आणि एका टार्गेटला एकच गोळी, नाही लागली तरी पुढं बघ, दहा टार्गेटला दहाच गोळ्या आहेत, एकावर दोन घातल्या तर शेवटचं उपाशी.

त्यातच त्याची थांबायची सवय मोडली. कशी मोडली विचाराल तर मी काहीच केलं नाही, नातींनी मोडली. दहावी गोळी झाल्यावर तो डोकं वर करायचा तेव्हा त्या मुद्दाम दोन पट्ट्या उचलून खिदळायच्या. चारचौघांत, पाहुण्यांसमोर, नवरीच्या मामे-सासऱ्यांसमोर. पाचेक दिवसांत डोकं खाली राहायला लागलं.

नेमाच्या ११ गोळ्यांकडं शेवटी वळलो. त्याला विचारलं मधल्या अंतराला, १५०-२०० ला, कुठं धरतोस? बरोबर मधोमध. आणि जातात कुठं? कुणास ठाऊक, टार्गेट पडत नाही एवढंच. त्यांचं झिरो २५ मीटरवर करतात आणि ते ३०० ला जुळतं, म्हणजे गोळी मधल्या वाटेत शिस्तीच्या, म्हणजे नेमाच्या, रेषेच्या वर असते, दीड-पावणेदोनशे मीटरला तर चांगलीच वर. छातीच्या मधोमध धरलं आणि हात जरा वर गेला की गोळी डोक्यावरनं. तिथं पोटाकडं धरायचं, ३०० ला मधोमध. पूर्वी त्यांच्याकडं पण आपल्यासारखे चार उसूल पाठ करून घ्यायचे, पक्की पोझिशन, शिस्त, श्वास, ट्रिगर. आता त्यांच्या पुस्तकात गोळीच्या आधी, गोळीच्या वेळी आणि गोळीच्या नंतर अशी एकच साखळी धरलेली आहे, गोळी कुठं गेली ते बघून पुढची ठरवायची. मला ते आवडलं. आपला उस्ताद पण हेच सांगायचा, फक्त शिव्या घालून.

अडथळा काढायचा सराव लाकडावर होत नाही, ते त्याला स्पष्ट सांगितलं. नुसता ठिक आवाज आला आणि गोळी उडाली नाही तर मॅगझीनच्या बुडाला थाप, मागं खेच, सोड, परत शिस्त. एवढं तोंडपाठ करून घेतलं आणि बाकीचं तिकडं जाऊन खऱ्या रायफलवर, डमी राऊंड, म्हणजे न उडणारी खोटी गोळी, घालून, युनिटमधल्या कुणाला तरी पटवून कर म्हटलं. शेवटची गोळी गेली की त्या रायफलचा बोल्ट मागं अडकून राहतो, तो सोडायचं बटण डाव्या अंगाला, ते पण लाकडावर कुठलं. त्यानं तिकडं जाऊन सिम्युलेटरवर दोन-तीनदा जागा मिळवली, हजेरीच्या दिवशी लवकर जाऊन. कुणी सांगितलेलं नव्हतं, स्वतःहून.

रेंजचा निकाल व्हॉइस मेसेजवर आला, आधी नुसतं हसतच होता. ८, ९, ८, ७. बत्तीस, शार्पशूटर. मी पहिलं विचारलं गोळ्या किती उरल्या. एक, स्टँडिंगला. आठावरनं एक! म्हणजे गेलेल्या गोळ्या १९ वरनं ८ वर आल्या, त्यात उशिरानं जाणाऱ्या ७ नी कमी झाल्या आणि नेम चुकून जाणाऱ्या ४ नी. बहीण म्हणाली पेढे वाटते. मी म्हटलं वाट, पण कार्डाचा फोटो मागव.

फोटोत स्टँडिंगच्या तीन गेलेल्यांत एक न उडालेली, बाकीच्या दोन्ही लांबच्या. बॅरिकेड तिकडं त्याच्या उंचीला जरा खाली पडतं म्हणाला, वाकावं लागतं, पाय जवळ राहतात आणि कंबर दुखायला लागते. पाय फाकव आणि डावा पाय पुढं घे, उंची आपोआप कमी होते, असं फोनवर सांगितलंय, पण फोनवर पोझिशन कळत नाही. व्हिडिओ पाठव म्हटलंय, बाजूनं आणि मागनं, दोन्हीकडनं. प्लायवूड मांडववाल्यानं परत नेलं, त्यामुळं पुढच्या सुट्टीला यायच्या आधी दुसरं बघायला लागणार, आणि ते सहा इंच बुटकं कापून घेणार आहे.